काचेच्या भांड्यातील कासव

कासव हा प्राणी आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. देवळात पाऊल टाकताच सभामंडपाच्या फरशीत बसविलेले दगडी कासव आपल्या दृष्टीस पडते. सशाला शर्यतीत हरविणाऱ्या कासवाची गोष्ट आपण बालपणीच ऐकलेली असते. आपले अवयव पाठीच्या ढालीखाली ओढून घेणारे कासव म्हणजे संयमाची मूर्ती, अशी उपमाही आपल्या ग्रंथांतून येते. कासव कोणाच्या अध्यात नसते, मध्यात नसते. त्याला वाघासारखी नखे नाहीत, की नागासारखे विष नाही. पकडू गेल्यास ते मान आत घेऊन स्वस्थ पडून राहते. अशा या गरीब प्राण्यापासून माणसाला काही अपाय होईल, अशी शंकादेखील आपल्या मनात येत नाही.

असे असूनही १९७५ साली अमेरिकेच्या सरकारला एक चमत्कारिक वाटणारा नियम करावा लागला. ज्या कासवाच्या पाठीची लांबी चार इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटरांपेक्षा कमी असेल, त्याची विक्री करण्यास त्या नियमाने मनाई झाली. मोठ्या कासवाला मोकळीक आणि पिलाला मात्र बंदी, हा न्याय उलटा वाटतो खरा. परंतु त्यामागे हजारो मुलांच्या आजाराचा इतिहास आहे. तो समजून घेण्यासाठी प्रथम एका अतिसूक्ष्म जंतूची ओळख करून घेतली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत डुकरांमध्ये एका घातक रोगाच्या साथी वारंवार येत आणि त्यात शेतकऱ्यांचे फार नुकसान होई. जनावरांच्या रोगांचा अभ्यास करण्यासाठी त्या देशाच्या कृषिखात्यात १८८४ साली एक स्वतंत्र विभाग स्थापन झाला. डॅनियल एल्मर साल्मन हे पशुवैद्य त्याचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली काम करणारे तरुण संशोधक थिओबाल्ड स्मिथ यांना १८८५ साली आजारी डुकरांच्या शरीरात काडीच्या आकाराचे जंतू आढळले. डुकरांच्या रोगाचे कारण हेच असावे, असे त्या वेळी सर्वांना वाटले. पुढे तो रोग एका विषाणूमुळे होतो असे सिद्ध झाले आणि मूळ अनुमान चुकीचे ठरले. सापडलेला जंतू मात्र खरा होता आणि माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचाही होता. विभागप्रमुखांच्या नावावरून १९०० साली त्या जंतूच्या कुळाला 'साल्मोनेला' हे नाव मिळाले. साल्मन नावाच्या माशाशी त्याचा काहीही संबंध नाही.

साल्मोनेलाचा एक जंतू दोन ते पाच मायक्रॉन लांबीचा असतो. एका मिलिमीटरात एक हजार मायक्रॉन असतात. याचा अर्थ असा, की हे जंतू एकापुढे एक असे मांडले, तर एक मिलिमीटर लांबीची ओळ पुरी होण्यास दोनशे ते पाचशे जंतू लागतील. त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. ते हलवून तो ओलसर जागेत पोहतो. प्राण्यांचे आतडे हे त्याचे आवडते वसतिस्थान. विष्ठेवाटे तो बाहेर पडतो, आणि पाणी, माती, अन्न किंवा हात यांच्या द्वारे दुसऱ्या प्राण्याच्या पोटात शिरतो. पाण्यात आणि ओल्या मातीत तो आठवडेच्या आठवडे तग धरून राहू शकतो.

या कुळात अडीच हजारांहून अधिक उपप्रकार आहेत. त्यांपैकी एकामुळे माणसाला विषमज्वर होतो. तो उपप्रकार केवळ माणसाच्याच शरीरात राहतो. बाकीचे बहुतेक उपप्रकार कोंबड्या, गुरे, डुकरे, सरपटणारे प्राणी अशा नाना जीवांच्या आतड्यांत वस्ती करतात आणि संधी मिळताच माणसाकडे येतात. नवा उपप्रकार ज्या गावी प्रथम आढळेल, त्या गावाचे नाव त्याला देण्याचा प्रघात शास्त्रज्ञांमध्ये पडला. त्यामुळे साल्मोनेलाच्या यादीवरून नजर फिरविली, तर भूगोलाचे पुस्तक उघडल्याचा भास होतो. त्या यादीत पनामा आहे, जावा आहे, आणि आपल्याला आश्चर्य वाटेल, पण 'पूना' हेही नाव आहे. १९३५ च्या सुमारास पुण्यातील तापाच्या रुग्णांचा अभ्यास करताना हा उपप्रकार प्रथम ओळखला गेला, म्हणून त्याला त्या शहराचे तेव्हाचे प्रचलित नाव मिळाले. त्यात पुण्याचा दोष काहीच नाही. जंतूला गावाची वेस माहीत नसते. या 'पूना'ची गाठ आपल्याला पुढे सातासमुद्रांपलीकडे पडणार आहे.

आता सरपटणाऱ्या प्राण्यांकडे वळू. कासव, साप, सरडा, पाल, घोरपड, मगर हे सर्व या वर्गातील प्राणी. माणसाच्या पोटात साल्मोनेला शिरला, तर पोटात कळा येतात, ताप भरतो, जुलाब होतात. कासवाला किंवा सापाला मात्र त्याचा सहसा काहीच त्रास होत नाही. त्यांच्या आतड्यांत तो वर्षानुवर्षे शांतपणे नांदतो. वरवर निरोगी दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत प्राण्यांत तो आढळल्याचे काही पाहण्यांत दिसून आले आहे. जो प्राणी स्वतः आजारी न पडता दुसऱ्याला रोग देतो, त्याला रोगवाहक असे म्हणतात. आजारी प्राणी आपण चटकन ओळखतो व त्यापासून दूर राहतो. परंतु रोगवाहक प्राणी टवटवीत दिसतो, नीट खातो, नीट हिंडतो, आणि म्हणूनच तो अधिक फसवा ठरतो.

अमेरिकेच्या दक्षिण भागात मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात एका जातीची पाणकासवे राहतात. त्यांच्या डोळ्यांच्या मागे, कानाच्या जागी, तांबडा पट्टा असतो; त्यावरून त्यांना 'लाल कानाची कासवे' म्हणतात. अंड्यातून बाहेर पडलेले पिलू जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचे, हिरव्यागार पाठीचे आणि पिवळसर नक्षीदार पोटाचे असते. ते तळहातावर सहज मावते. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अशी पिले पाळण्याची लाटच अमेरिकेत उसळली. लुइझियाना राज्यात मोठमोठ्या तळ्यांतून या कासवांची पैदास होऊ लागली. तेथून लक्षावधी पिले देशभर जाऊ लागली. खेळण्यांच्या आणि किरकोळ वस्तूंच्या दुकानांत ती अगदी स्वस्त मिळत. त्यांच्याबरोबर एक उथळ भांडे मिळे. त्या भांड्याच्या मध्यभागी इवलेसे बेट आणि त्या बेटावर प्लॅस्टिकचे ताडाचे झाड! मुले या दृश्यावर लुब्ध होत. कुत्रा पाळण्यास जागा हवी, मांजराला दूध हवे. कासवाला मात्र चार घास आणि वाटीभर पाणी पुरे, असा आईबापांचा समज होता. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील दर शंभर कुटुंबांपैकी सुमारे चार कुटुंबांत कासव होते.

या वाटीभर पाण्यातच सारा घात होता. कासव त्याच पाण्यात खाई, त्याच पाण्यात विष्ठा टाकी आणि त्याच पाण्यात पोहे. त्या कोमट पाण्यात जंतूंची अमाप वाढ होई. मुले त्या पाण्यात बोटे घालीत, पिलू उचलून गालाला लावीत, कित्येकदा त्याचा मुकाही घेत. अगदी लहान मुले तर खेळणे समजून ते तोंडातच घालीत. भांड्यातले पाणी बदलताना ते स्वयंपाकघराच्या मोरीत ओतले जाई, आणि त्याच मोरीत थोड्या वेळाने बाळाची दुधाची बाटली विसळली जाई.

१९६३ साली एका लहान बालकाच्या आजाराचा संबंध घरातील कासवाशी असल्याची नोंद अमेरिकेत झाली. त्यानंतर डॉक्टर आणि आरोग्याधिकारी या बाबतीत सावध झाले. त्यांची शोधाची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. आजारी मुलाच्या मलाची तपासणी करून ते साल्मोनेलाचा उपप्रकार निश्चित करीत. मग त्या घरी जाऊन मुलाने काय खाल्ले, कोठे गेले, घरात कोणते प्राणी आहेत, याची चौकशी करीत. घरात कासव असल्यास त्याच्या भांड्यातील पाणी प्रयोगशाळेत नेत. मुलाच्या पोटात जो उपप्रकार, तोच पाण्यात सापडला, म्हणजे धागा जुळे. असे शेकडो धागे जुळत गेले. १९७० आणि १९७१ या वर्षांतील पाहणीवरून असा अंदाज निघाला, की अमेरिकेत दरवर्षी सुमारे २ लक्ष ८० हजार लोकांना कासवांमुळे या जंतूची बाधा होत होती. साल्मोनेलाच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे १४ टक्के रुग्ण या एका छंदापायी आजारी पडत होते.

यावर पहिला उपाय योजला गेला तो तपासणीचा. १९७२ साली असे ठरले, की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारी कासवे जंतुमुक्त असल्याचा दाखला मिळाल्याशिवाय पाठवू नयेत. हा उपाय वरवर निर्दोष दिसतो. प्रत्यक्षात तो फसला. कारण कासवाच्या विष्ठेतून जंतू रोजच्या रोज बाहेर पडत नाहीत. आज तपासणीत काही सापडले नाही, म्हणून उद्या ते बाहेर पडणार नाहीत असे होत नाही. प्रवासाची दगदग, दाटीवाटी, अपुरा आहार यांमुळे कासव त्रासले, म्हणजे तर जंतू अधिकच प्रमाणात पडू लागतात. दाखला हातात आणि जंतू पोटात, असा प्रकार झाला. पुढे अंडी औषधाच्या द्रावणात बुडवून पिले जंतुमुक्त करण्याचेही प्रयत्न झाले. त्यांमुळे जंतूंचे प्रमाण कमी झाले. परंतु ते समूळ गेले नाहीत, आणि जे उरले त्यांतील काही त्या औषधाला दाद देईनासे झाले. जंतुनाशक औषध म्हणजे दुधारी शस्त्र होय, हा धडा यातून पुन्हा एकदा मिळाला.

अखेर १९७५ साली, आरंभी सांगितलेला नियम आला. चार इंचांची मर्यादाच का ठेवली, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. त्याहून लहान कासव बालकाच्या तोंडात मावू शकते, आणि ते जिवंत प्राण्यापेक्षा खेळण्यासारखेच वाटते. मोठे कासव कोणी तोंडात घालीत नाही, की त्याच्याशी बाहुलीसारखे खेळत नाही. मोठ्या कासवात जंतू नसतात, असा या नियमाचा अर्थ मुळीच नाही. शाळा, संशोधन व प्रदर्शन यांसाठी नियमात सवलत ठेवण्यात आली. या एका नियमामुळे वर्षाला सुमारे एक लक्ष मुलांचा आजार टळला, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. एकही नवे औषध न शोधता, एकही नवी लस न टोचता, केवळ रोगाची वाट अडवून इतकी मुले वाचली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तथापि केवळ नियम केल्याने माणसाची हौस संपत नाही. जत्रेत, बाजारात, रस्त्याच्या कडेला चोरून विक्री चालूच राहिली. काळाबरोबर जुन्या साथीची आठवणही पुसट झाली. २००७ साली फ्लोरिडा राज्यात अवघ्या काही आठवड्यांचे एक अर्भक साल्मोनेलाच्या बाधेने दगावले. त्या घरी एका स्नेह्याने इवलेसे कासव भेट दिले होते. अर्भकाच्या शरीरातील आणि कासवाच्या शरीरातील जंतू एकाच उपप्रकाराचे निघाले. ते बाळ कासवाशी खेळण्याइतके मोठे नव्हते, हे उघड आहे. घरातील कोणाच्या तरी हातांवरून किंवा वस्तूवरून तो जंतू पाळण्यापर्यंत पोचला असला पाहिजे. प्रेमाने दिलेली भेट त्या घराला केवढी महाग पडली! त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका साथीत, घरच्या ज्या पोहण्याच्या तलावात कासवे सोडली होती, त्याच तलावात पोहलेल्या मुली आजारी पडल्या. त्या पाण्यात क्लोरीन टाकलेले नव्हते.

२०११ ते २०१३ या काळात अमेरिकेत लहान कासवांमुळे एकापाठोपाठ एक अशा आठ साथी उद्भवल्या. त्यांत ४१ राज्यांतील व अन्य दोन प्रदेशांतील मिळून ४७३ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे निम्मे रुग्ण चार वर्षांचे किंवा त्याहून लहान होते. या साथींना कारण झालेल्या उपप्रकारांत 'पोमोना' होता, 'सॅनडिएगो' होता, आणि आपला जुना परिचित 'पूना'ही होता. आठ दशकांपूर्वी मुळामुठेच्या काठी ज्याचे नामकरण झाले, तो जंतू मिसिसिपीच्या कासवांच्या पोटातून अमेरिकेतील बालकांपर्यंत पोचला होता. रोगजंतूंचे जग किती एकसंध आहे, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

कासवाला हातही न लावता बाधा कशी होते, हे कळण्यासाठी आणखी एक घटना पाहू. कोमोडो ड्रॅगन ही इंडोनेशियातील काही बेटांवर राहणारी, आपल्या घोरपडीच्या जातकुळीतील प्रचंड सरड्यांची जात. पूर्ण वाढलेला प्राणी तीन मीटरांपर्यंत लांब असतो. १९९६ च्या जानेवारीत अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या प्राणिसंग्रहालयात हे प्राणी लोकांना पाहता यावेत म्हणून लाकडी कठड्याच्या आत ठेवले होते. ते पाहून गेलेल्यांपैकी ६५ जण आजारी पडल्याचे पुढे आढळून आले. त्यांत मुलांचा भरणा मोठा होता. चौकशी केली, तेव्हा त्यांपैकी एकानेही ड्रॅगनला स्पर्श केला नव्हता. मग जंतू आला कोठून? तपास करणाऱ्यांनी आजारी पडलेल्यांची आणि आजारी न पडलेल्यांची तुलना केली. आजारी पडलेल्यांपैकी ८३ टक्के लोकांनी त्या लाकडी कठड्याला हात लावला होता. आजारी न पडलेल्यांमध्ये हे प्रमाण ५२ टक्के होते. शेवटी एकच उपप्रकार ३९ रुग्णांत, एका ड्रॅगनमध्ये आणि त्या कठड्यावर सापडला, आणि कोडे सुटले. याच तपासात दुसरी एक गोष्ट उघड झाली. ज्यांनी प्राणिसंग्रहालयातच हात धुतले होते, त्यांपैकी फारच थोड्यांना बाधा झाली होती. तीन मीटरांच्या राक्षसी प्राण्यापासून कठड्याने रक्षण केले. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूपासून रक्षण केले ते साध्या हात धुण्याने!

साल्मोनेला पोटात गेल्यावर काय होते? जठरातील आम्लाने पुष्कळसे जंतू मरतात. जे वाचतात, ते लहान आतड्याच्या अस्तरात शिरतात. तेथे दाह सुरू होतो, आणि सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही ताप, पोटात कळा व जुलाब सुरू होतात. सशक्त माणूस बहुधा चार ते सात दिवसांत बरा होतो. शरीरातून गेलेले पाणी व क्षार भरून काढणे हा मुख्य उपचार. त्यासाठी जलसंजीवनी उपयोगी पडते. साध्या आजारात जंतुनाशक औषधाची नेहमीच गरज नसते. ते द्यावे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. अर्भके, पाच वर्षांखालील मुले, वृद्ध माणसे आणि ज्यांची प्रतिकारशक्ती अन्य रोगामुळे क्षीण झाली आहे अशी माणसे यांच्या बाबतीत मात्र धोका मोठा असतो. तान्ह्या बाळाच्या जठरातील आम्ल सौम्य असते आणि त्याची प्रतिकारशक्ती अपुरी असते. अशा वेळी जंतू आतड्यातून रक्तात उतरतात, आणि तेथून मेंदूच्या आवरणापर्यंतही पोचतात. म्हणूनच ज्या घरात अशी माणसे आहेत, त्या घरात सरपटणारे प्राणी पाळू नयेत, असा आरोग्यतज्ज्ञांचा स्पष्ट सल्ला आहे.

आपल्या घरांतून कासव क्वचितच असते. परंतु एक सरपटणारा प्राणी न बोलावता प्रत्येक घरी येऊन राहतो. तो म्हणजे पाल. पाल विषारी असते आणि ती अन्नात पडल्यास ते अन्न विष होते, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वास्तविक आपल्या घरातील पालीला विष मुळीच नसते. परंतु तिच्या आतड्यांत व विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, असे अनेक देशांतील तपासण्यांत दिसून आले आहे. म्हणजे पूर्वजांचे कारण चुकले, तरी त्यांची सावधगिरी चुकली नव्हती. पाल पडलेले अन्न टाकून द्यावे, शिजविलेले अन्न नेहमी झाकून ठेवावे, आणि पालीच्या लेंड्या पडलेली जागा साबणाने धुऊन घ्यावी, हे आजच्या शास्त्राचेही सांगणे आहे. यासाठी पालीला मारण्याचे मात्र कारण नाही. ती डास व किडे खाऊन आपल्यावर उपकारच करीत असते.

लाल कानाची कासवे आता भारतातही आली आहेत. आपल्या मोठ्या शहरांतून शोभेच्या माशांच्या दुकानांत ती विकली जातात. घेताना रुपयाएवढे वाटणारे पिलू काही वर्षांत ताटलीएवढे होते आणि वीसतीस वर्षेही जगते. मग हौस फिटलेला मालक ते गुपचूप जवळच्या तळ्यात सोडून देतो. तेथे ते आपल्या देशी कासवांचे अन्न व जागा बळकावते. या कारणास्तव युरोपातील देशांनी १९९७ साली या कासवांची आयात बंद केली. आपल्या देशी कासवांविषयी बोलावयाचे, तर पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले नक्षत्र कासव किंवा तशी अन्य संरक्षित कासवे पकडणे, विकणे व घरी पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. तेव्हा कासव घरी न आणण्यात आपलेही हित आहे आणि कासवाचेही.

तरीही प्राणिसंग्रहालयात, शाळेच्या प्रयोगशाळेत, मित्राच्या घरी किंवा नदीकाठी या प्राण्यांशी आपला संबंध येणारच. अशा वेळी काही नियम पाळले, तर भिण्याचे कारण उरत नाही. सरपटणाऱ्या प्राण्याला, त्याच्या पेटीला, भांड्याला किंवा पाण्याला हात लागल्यास साबण लावून निदान वीस सेकंद हात चोळून धुवावेत. हात धुतल्याशिवाय तोंडाला, डोळ्यांना वा खाद्यपदार्थांना स्पर्श करू नये. अशा प्राण्याचा मुका घेऊ नये. त्याला स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या जागी हिंडू देऊ नये. त्याचे भांडे स्वयंपाकघराच्या मोरीत न धुता बाहेर धुवावे, आणि ते काम मुलांनी न करता मोठ्या माणसांनी करावे. भांड्यातील पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते निर्दोष मानू नये, कारण जंतूमुळे पाणी गढूळ होतेच असे नाही. ताप व जुलाब यांसाठी डॉक्टरांकडे जावे लागले, तर घरात कोणते प्राणी आहेत, हे त्यांना न विचारता सांगावे. त्या एका वाक्याने रोगाचे मूळ लवकर सापडू शकते.

ही सारी हकीकत वाचून कोणी कासवाचा द्वेष करू लागेल, तर ते मात्र योग्य होणार नाही. कासवांचे पूर्वज वीस कोटी वर्षांहूनही अधिक काळापूर्वी या पृथ्वीवर होते. तेव्हा माणूस नव्हता, त्याची घरे नव्हती आणि खेळण्यांची दुकानेही नव्हती. कासव आपल्या तळ्यात होते, तोवर त्याच्या पोटातील जंतूंची आपल्याला झळ लागली नव्हती. माणसाने त्याला तळ्यातून उचलले, वाटीभर पाण्यात कोंडले आणि प्लॅस्टिकच्या झाडाखाली बसविले. आजार त्यातून उद्भवला. प्राण्यांवर प्रेम करावे, यात शंका नाही. पण ज्याच्यावर प्रेम करावयाचे, त्याचे शरीर कसे चालते, त्याला कसे जगावेसे वाटते आणि त्याच्यापासून किती अंतरावर राहणे दोघांच्याही हिताचे आहे, हे समजून घेतले, तरच ते प्रेम डोळस होते. तळ्याकाठच्या दगडावर ऊन खात बसलेले कासव दुरून पाहण्यात जो आनंद आहे, तो काचेच्या भांड्यातील कासवात नाही. आणि त्या आनंदापायी कोणाच्या घरचा पाळणा रिकामा होण्याची भीतीही नाही.

स्वाध्याय

१. 'साल्मोनेला' हे नाव कोणावरून पडले? हा जंतू प्रथम कसा आढळला?
२. रोगवाहक प्राणी आजारी प्राण्यापेक्षा अधिक फसवा का ठरतो?
३. कासवांना जंतुमुक्ततेचा दाखला देण्याचा उपाय का फसला?
४. डेन्व्हरच्या प्राणिसंग्रहालयातील घटनेवरून कोणत्या दोन गोष्टी सिद्ध होतात?
५. 'पूर्वजांचे कारण चुकले, तरी त्यांची सावधगिरी चुकली नव्हती.' हे विधान पालीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : तग धरणे, दाद न देणे, कोणाच्या अध्यात ना मध्यात असणे.